दोनशे चाळीस कोपरे आणि माझी एक अंघोळ

त्या वर्षी मी दूध संस्थेचा चेअरमन होतो आणि संस्थेत दूध नव्हतं.

दूध नव्हतं, कारण जनावरं नव्हती. जनावरं चारा छावणीत होती. छावणी युसूफ वडगावच्या अंगाला, आमच्या गावापासून तीन कोसांवर. निम्मे गडी जनावरांच्या मागं तिकडं मुक्कामाला, उरलेले टँकरच्या वाटेकडं डोळे लावून पारावर. संस्थेत राहिलो मी, एक टेबल, एक खुर्ची आणि दुधातली फॅट मोजायचं यंत्र. मी रोज सकाळी नेमानं जाऊन यंत्र पुसायचो. (चेअरमननं कामात कसूर करू नये.)

त्याच वर्षी आमच्या कौसल्येनं गावातल्या बायका जमवून महिला शिवणकाम सहकारी संस्था काढली आणि तीही चेअरमन झाली. एका घरात दोन चेअरमन! फरक एवढाच की तिच्या संस्थेला काम होतं आणि जागा नव्हती. माझ्या संस्थेला जागा होती.

"अहो, तुमची खोली मोकळीच हाय. आमच्या मशिनी तिथं ठिवतो."

"अगं, ते दूध संकलन केंद्र हाय!"

"कशाचं संकलन चाललंय? माशांचं?"

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत तीन शिलाई मशिनी आल्या. माझी खुर्ची एका मशिनीपुढं गेली. मी यंत्राशेजारी पालथ्या कॅनवर बसू लागलो.

काम आलं होतं गेवराईचं. तिथं हायवेला सहकारी संघाचं नवं अतिथिगृह होणार होतं, आणि त्याच्या जेवणघरासाठी दहा टेबलक्लॉथ आणि पन्नास नॅपकिन हवे होते. संघाच्या सरोजताई स्वतः नमुना घेऊन आल्या. करड्या केसांची, चष्मेवाली, शब्द मोजून बोलणारी बाई. त्यांनी नमुना टेबलावर चक्क उलटा टाकला.

"मी सुलट बाजू बघतच नाही," त्या म्हणाल्या. "उलट बाजू बघते आणि कोपरे बघते. सरळ शिलाई कुणीही मारतं. कोपरा नीट आला तर माल नीट. पास झाला तर वर्षभर काम देईन. नाही झाला तर एक नॅपकिनसुद्धा ठेवून घेणार नाही."

हे ऐकून सगळ्यात जास्त घाम फुटला शेवंताला. शेवंता म्हणजे कौसल्येच्या माहेरची, त्यामुळं मी तिचा दाजी, आणि माझी टिंगल करायचा तिचा हक्क जन्मापासूनचा. दर साली ती नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची. ह्या साली शिवणकामाच्या भरवशावर पहिल्यांदाच मागं राहिली होती. पण टोळीतली एक जोडी आजारी पडून माघारी आली आणि मुकादम बदली जोडी शोधत शेवंताच्या दारात येऊन उभा राहिला. शेवंतानं त्याला सांगितलं, "ताई माल बघून जाऊ द्या. पास झाला न्हाई तर दुसऱ्या दिशी कोयता घिऊन गाडीत बसते."

म्हणजे शेवंता मशिनीवर बसणार की उसाच्या फडात, हे टेबलक्लॉथच्या कोपऱ्यावर ठरणार होतं. आणि अशा नाजूक कामात कौसल्येनं माझ्यावर एक जबाबदारी टाकली. एकच!

"मी दोरा आणायला केजला चालले. आपल्या वाटणीचं पाणी पिंपात भरलंय. त्यात हा कापडाचा सगळा ताका बुडवून सांजच्यापर्यंत ठिवा. नवं कापड पाण्यात आटतं. आधी भिजवलं न्हाई तर शिवल्यावर वाटोळं व्हतंय. आन् ते पाणी फेकू नका! त्यात भांडी निघतील, आन् भांड्याचं लिंबाच्या रोपाला."

"एवढं काय सांगायलीस? मी चेअरमन हाय!"

"म्हणून तर दोनदा सांगायले."

ती गेली. मी, ताका आणि पिंप असे तिघंच अंगणात उरलो.

आता एक गोष्ट सांगणं भाग आहे. मला अंघोळ करून नऊ दिवस झाले होते. नऊ! ओल्या फडक्यानं अंग पुसणं ही वेगळी गोष्ट. त्याला अंघोळ म्हणणं म्हणजे माझ्या संस्थेला डेअरी म्हणण्यासारखं. आणि समोर काठोकाठ भरलेलं पिंप, वर सकाळचं कोवळं ऊन. मी ताका उचलला आणि माझ्या मनात विचार आला की, माणूस कोरडा आणि कापड ओलं, हा कुठला न्याय? कापडाला काय घाम येतो? कापडाला चार माणसांत बसावं लागतं?

नुसते पाय धुवावेत म्हणून मी एक तांब्या घेतला. पाय स्वच्छ झाले, त्यामुळं गुडघे घाण दिसायला लागले. मग गुडघे. अशा क्रमानं मी वर वर सरकत गेलो आणि डोक्यापर्यंत कधी पोचलो ते मलाच कळलं नाही. लिंबाच्या रोपाशेजारी दगडावर बसून मी साबण लावला. मग दुसऱ्यांदा लावला. मग भजन म्हटलं. भजनाला तीन कडवी होती आणि प्रत्येक कडव्याला मी पाच-सहा तांबे घेतले.

भजन संपलं तेव्हा पिंपाच्या तळाला बादलीभर पाणी उरलं होतं.

मी घाबरलो नाही. ताका उलगडला, तळाचं पाणी हातानं कापडावर सडा घालावा तसं शिंपडलं आणि कापड तारेवर टाकलं. ते वाळायला जेवढा वेळ लागला, तेवढाच माझे केस वाळायला लागला.

कौसल्या केजहून आली. कापड चिमटीत धरून बघितलं. "अजून कडक कावून लागतंय?"

"भारी कापड हाय."

"चांगलं भिजलं ना पण?"

"एकदम!" (भिजलं होतं हे खरंच होतं. कोण, ते तिनं विचारलं नाही.)

"आन् पाणी?"

"लिंबालाच गेलं." (हेही खरं!)

तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. "आज तोंडावर लई तेज आलंय तुमच्या."

"संस्थेच्या कामानं येतंय."

कापड कापलं, शिवायला घेतलं आणि कोपऱ्यांवर गाडी अडली. बायका कडेला दोन इंचाची दुमड घालून सरळ शिवत यायच्या, पण कोपऱ्यात दोन दुमडी एकावर एक चढून ढेकूळ व्हायचं. सरोजताईंच्या नमुन्यात तसं नव्हतं. तिथं कोपऱ्यात नुसती एक तिरकी रेघ होती, आणि दोन्ही दुमडी त्या रेघेवर येऊन शहाण्यासारख्या थांबत होत्या. तीन दिवस तिन्ही मशिनींवर ढेकळंच निघाली. आणि मग मी कॅनवरून उठलो.

कोपरा हा माझा विषय होता! मी शेततळं केलं तेव्हा त्यात प्लास्टिकचा कागद अंथरताना कोपऱ्यांत अशाच घड्या गोळा झाल्या होत्या. मला त्या बघवेनात. मी कात्री घेतली आणि चारी कोपरे छाटून तळं कसं नीटनेटकं केलं! पहिल्याच पाण्याला तळं चारी कोपऱ्यांतून चार दिशांना निघून गेलं. ज्यानं दुसऱ्यांदा कागद बसवून दिला, त्यानं मला कपाळाला हात लावून शिकवलं, "मालक, कोपऱ्यात तिरकी घडी. कात्री कधी न्हाई!" तेव्हापासून ह्या दोन गोष्टी माझ्या रक्तात भिनल्यात.

मी पुठ्ठ्याचा साचा कापला. दुमडीच्या खुणा आधी दाबून घ्यायच्या, टोक आत तिरकं दुमडायचं, खुणेवर खूण आली की त्या तिरक्या घडीवर शिलाई मारायची आणि कोपरा उलटा करायचा. शेवंतानं करून बघितलं. कोपरा उलटला. तिरकी रेघ! खोलीत टाळ्या पडल्या. माझ्या दूध संस्थेत टाळ्या पडायचा तो पहिलाच प्रसंग.

"दाजी, आत टोकाचं कापड उगं ऱ्हायलंय. ते छाटलं तर कोपरा पातळ बसंल," शेवंता म्हणाली.

"कात्री लावायची न्हाई!"

"कावून? टेबलक्लॉथात पाणी साठवायचंय का?"

बायका मशिनीवर डोकी टेकून हसल्या. पण मी मागं हटलो नाही. शेवटी कौसल्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. जल्मात एक गोष्ट यायली त्यांना, ती तरी त्यांच्या मनासारखी हू दे." टोकं तशीच आत दाबून टाकली. कोपरे अंमळ जाडसर झाले, पण झाले. साठ नग, दोनशे चाळीस कोपरे!

सरोजताई यायला चार दिवस उरले होते. मी गावभर सांगत सुटलो. छावणीतून घरी आलेल्या महादूला (हा माझा शाळेपासूनचा मित्र) तर ओढतच घेऊन आलो. टेबलावर टेबलक्लॉथ अंथरला, वर चहा ठेवला, कारण जेवणघरात कसं दिसेल त्याची कल्पना यायला नको?

"काय बे चेअरमन, दूध गेलं आन् धुणं आलं का?"

"धुणं न्हाई बे! कोपरा बघ! उलट बाजूनं बघ!" असं म्हणून मी त्याला उलट बाजू दाखवायला कोपरा धरून झटक्यात वर केला. उलट बाजू त्याला दिसली. चहा सुलट बाजूला गेला.

कौसल्या शांत होती. "असू द्या. धुवून निघंल. कापड भिजवलेलंच हाय."

मी टेबलक्लॉथ घट्ट धरून ठेवला. "धुवायचं कशाला? पाण्याचा नास! डाग ऱ्हाऊ दे की. नक्षी वाटंल."

तिनं तो धुतला. दुसऱ्या दिवशी वाळलेला टेबलक्लॉथ टेबलावर टाकला, तर तो लांबीला तीन बोटं आणि रुंदीला दोन बोटं आटला होता. कडा नागमोडी झाल्या होत्या. कापड आटलं होतं, दोरा आटला नव्हता, आणि त्या दोघांच्या भांडणात चारही कोपरे करंजीसारखे फुगून वर आले होते. चार कोपरे, चार करंज्या!

कौसल्येनं टेप खाली ठेवला. "अहो."

तेवढंच. आमच्या घरात ह्या एका शब्दाला फार मोठा अर्थ आहे.

"कापड भिजवलं व्हतं?"

"शिंपडलं व्हतं."

"मग पिंपभर पाणी कुठं गेलं?"

मी फॅटच्या यंत्राकडं बघितलं. त्यानं काही मदत केली नाही. शेवंतानं मला पायांपासून केसांपर्यंत न्याहाळलं आणि टाळी वाजवली. "तरीच! तरीच त्या दिशी दाजी वळखू आले न्हाईत!"

खोलीत असा हशा उठला की म्हणता सोय नाही. शेवंता सगळ्यांत जास्त हसली. मग हसता हसता थांबली, तो आखडलेला कोपरा तळहातानं सपाट करायला लागली. तो काही सपाट होईना.

"मग मुकादमाला निरोप धाडू का वं, अक्का?" ती कौसल्येला म्हणाली.

कुणी हसलं नाही. माझं अंघोळीचं सगळं तेज तिथल्या तिथं उतरलं.

कौसल्येनं टेबलक्लॉथ स्वतःकडं ओढला. तिनं सुई घेऊन एक करंजी उसवली. कोपरा उलगडून टेबलावर पसरला आणि त्याच्याकडं बघत बसली. मग टेप लावला. मग पुन्हा लावला.

"शेवंता, इकडं बघ. दुमड दोन इंचाची हाय. ती एका इंचाची केली तर दोन्ही बाजूंचं मिळून दोन इंच माप परत मिळतंय. आटलंय तेवढं भरून निघतंय!"

"पण कोपरा?"

"कोपरा भायेर सरकंल. आन् सरकायला टोकाचं कापड हाय की! छाटलंच न्हाई ना आपण. छाटलं असतं तर आज सरकवायला काय उरलं असतं? भोक!"

सगळ्या बायका सावकाश माझ्याकडं वळल्या. मी नम्रपणे छताकडं बघितलं. (माझा शहाणपणा असा असतो. कारण चुकीचं, जागा चुकीची, पण मुक्काम बरोबर!)

"लगीच फुगू नका," कौसल्या म्हणाली. "सगळ्या दुमडी आन् कोपरे तुमी उसवायचे. आन् कापड भिजवायला पाणी तुमी आणायचं. टँकर पाच दिसांनी हाय. ताई तीन दिसांनी."

मी घागर घेऊन निघालो. पहिलं दार महादूचं.

"पाणी देतो बे," महादू उंबऱ्यावर ऐसपैस बसत म्हणाला, "पण आधी सगळं पहिल्यापासून सांग."

मी सांगितलं. तो उंबऱ्यावरून खाली घसरला, डोळे पुसले आणि एक घागर दिली. दुसऱ्या दाराला गोष्ट माझ्या आधी पोचली होती, पण त्यांना ती माझ्या तोंडून हवी होती. दारोदार हाच दर ठरला: एक गोष्ट, एक घागर. पहिल्या तीन दारांना मी भजनाचा भाग गाळला. चौथ्या दाराला महादूनं मागून ओरडून आठवण केली. सातव्या दारापासून मी चाल लावून म्हणू लागलो. अकराव्या दारातल्या म्हातारीनं सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "साबण लावलं व्हतं का रं?"

"लावलं व्हतं, आजी."

"किती येळा?"

"दोन."

"मग अर्धीच घागर भेटंल."

शिवाय पाणी उसनं होतं! प्रत्येकानं बजावलं, "कापड निघालं की पाणी परत आणून द्यायचं. भांड्याला व्हतंय." म्हणजे सतरा दारी गोष्ट सांगून आणलेलं पाणी कापड काढल्यावर त्याच सतरा दारी परत पोचवायचं. त्यात कापडाची खळ उतरून ते ताकासारखं झालं होतं. बऱ्याच दिवसांनी गावानं दूध संस्थेच्या चेअरमनला पांढरं काहीतरी वाटताना बघितलं.

साठही नगांच्या सगळ्या दुमडी आणि कोपरे मी उसवले. बोटांना भोकं पडली. "दाजी, टाका वढा, कापड न्हाई!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की जेवतानाही भाकरी जपून तोडू लागलो. कापड दिवसभर पाण्यात बुडालं, वाळलं, इस्त्री झाली. मी नवा साचा कापला. कोपरे पुन्हा तिरके शिवले गेले, आणि मग कौसल्येनं माझ्यापुढं कात्री धरली.

"आता आटायचं ते आटलं. आता टोक छाटा."

मी कात्री घेतली. डोळ्यांपुढं तळं आलं. शेवंतानं माझ्या हातून कात्री हिसकली आणि कच्चकन टोक उडवलं. मी डोळे घट्ट मिटले. उघडले, तर काहीही गळालं नव्हतं. उलट कोपरा असा पातळ, असा धारदार बसला होता की पहिल्या वेळचे कोपरे त्याच्यापुढं उशा वाटावेत.

सरोजताई आल्या. गठ्ठा उलटा टाकला. एकेक कोपरा बोटांत धरून, चिमटीत दाबून, उजेडापुढं धरून बघू लागल्या. खोलीत फक्त भिंतीवरच्या पालीचा आवाज होता. असा तासभर गेला. मग म्हणाल्या, "एक ग्लास पाणी द्या."

मी धावलो. बाईंना तहान लागली म्हणजे काम झालं! त्यांनी ग्लास घेतला, एक नॅपकिन टेपनं मोजला आणि खसकन ग्लासात बुडवला.

शेवंतानं कौसल्येचा हात धरला. नॅपकिन पिळून उन्हात तारेवर गेला. तो वाळेपर्यंत चहा झाला, कुणालाच गेला नाही. ताईंनी वाळलेला नॅपकिन पुन्हा मोजला. मग चष्मा काढला.

"सूतभरसुद्धा आटला नाही. ह्या दुष्काळात मी जिथं जाते तिथं माल इथंच नापास होतो. पाणीच नाही तर कापड कोण भिजवणार? तुम्ही कसं जमवलं?"

कौसल्येनं माझ्याकडं बघितलं. मी फॅटच्या यंत्राकडं. शेवंता पुढं झाली.

"आमच्या दाजींनी जमवलं, ताई. घागर घिऊन दारोदार हिंडले. सतरा दारं!"

"अहो, असे पुरुष सहकाराला मिळाले तर कुठल्या कुठं जाऊ आपण!" सरोजताईंनी मला चक्क हात जोडले. मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

माल पास झाला. वर्षभराचं काम मिळालं, वर गादीच्या खोळीही मिळाल्या. शेवंता ताईंच्या जीपच्या मागोमाग रस्त्यापर्यंत गेली आणि पारावर बसलेल्या मुकादमाला ऐकू जाईल अशा आवाजात तिथूनच ओरडली, "दुसरी जोडी बघा वं! माझी मशीन मोकळी न्हाई!"

दुसऱ्या दिवशी महिला संस्थेची बैठक भरली. प्रोसिडिंग लिहायला त्यांनी मला बोलावलं, कारण ठरावाची भाषा मला येते. माझ्या अभिनंदनाचा ठराव असणार हे उघड होतं, म्हणून मी नवा पेन घेऊन गेलो. कौसल्या सांगत गेली, मी वळणदार अक्षरात लिहीत गेलो:

"असे ठरले की, यापुढे संस्थेचे कापड भिजत असताना चेअरमनबाईंचे यजमान यांनी पाण्यापासून किमान दहा पावले लांब उभे राहावे. सूचक, शेवंता."

"अनुमोदक कोण?" मी पेन थांबवून विचारलं.

झाडून सगळ्या बायकांनी हात वर केले. कौसल्येनं ते खाली करायला लावले आणि म्हणाली, "तुमीच करा सही. ह्यातला अनुभव तुमच्याएवढा कुणाला हाय?"

मी सही केली. ठराव एकमतानं मंजूर झाला. सहकारात मी आजवर पुष्कळ ठराव मांडले, पुष्कळ ठरावांना अनुमोदन दिलं. पण ज्याची अंमलबजावणी आजतागायत एक दिवसही चुकलेली नाही, असा हा एवढाच.